ताशी तीनशे लिटर

घोसाळकर कॅन्सल होऊन चिपळूणला गेले
आणि त्यांचे दोन गोल्डफिश
बादलीतून माझ्याकडे आले.

आज रोल्यात, शाजीच्या दुकानात,
काउंटरवर फिल्टरांची रांग.
बारा वर्षं मी शारजात, समुद्र गोडा करायच्या प्लांटवर;
साठ लिटरच्या टाकीपुढं मात्र ढिम्म सुचेना.
"स्पंजचा नको," शाजी म्हणाला,
"हे मासे खादाड, घाण फार.
बाहेर टांगायचा घ्या, ताशी तीनशे लिटर."

आणि हवेचा पंप?
जुलैत गच्चीवरच्या टाकीतून नळाला येतं
त्यात थेट चहापत्ती टाकावी.
गरम पाण्यात हवा टिकत नाही, एवढं मलाही ठाऊक.
वर येऊन आ वासतात बिचारे.

एक पंप मुका, पंचेचाळीस दिरहम.
एक अठराचा, गोमाशीसारखा गुणगुणणारा.
मी अठराचा घेतला.
"पाण्याच्या वर ठेवा," शाजीनं बजावलं,
"वीज गेली की पाणी नळीतून उलटं येतं."
म्हटलं, इथं कुठं वीज जाते?
तरी त्यानं पिशवीत टाकलाच
एका दिरहमचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह.

रात्री पंप फ्रिजवर,
खाली जुन्या चपलेचा तुकडा.
तरी गुणगुण येतेच.
सव्वानऊला दोघंही काचेच्या एकाच कोपऱ्याशी:
घोसाळकर ड्यूटीवरून यायची वेळ.

व्हॉल्व्ह अजून खिशातच होता.
फुंकून पाहिला दोन्ही बाजूंनी.
एकीकडूनच जाते हवा.