सुई हिरव्यात

कवठेमहांकाळच्या स्टँडामागं, मुजावरांच्या मेडिकलात
दुपारी तीनला गिऱ्हाईक नसतं.
म्हणून मी तीनलाच जातो.
आस्मा चिठ्ठी वाचते, पट्ट्या कापते,
आणि आज कात्री थांबवून विचारते,
"आप्पा, गेल्या महिन्यात ही का नेली नाही?"

ही म्हणजे प्रेशरची. पांढरी, डाळीएवढी.
म्हटलं, तपासलं तर एकशे अठ्ठावीस निघालं,
डॉक्टरच म्हणाले, नॉर्मल.
बरं झाल्यावर औषध खायचं म्हणजे
लग्न लागल्यावर अक्षता वाटत बसायचं.

ती हसली नाही.
"तुम्ही पंपावर होता ना?"
होतो. म्हैसाळला, बावीस वर्षं.
कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं
जतच्या माळाकडं चढवायचं.
"मग तुम्हाला समजेल," म्हणाली,
आणि काचेवर पट्ट्या मांडल्या.

"रक्ताची नळी काही लोखंडाची नसते, आप्पा.
तिला स्नायूचं अस्तर असतं, ते आवळलं की आत दाब चढतो.
कॅल्शियम आत शिरलं की मूठ वळते.
ही गोळी त्याला दारातच अडवते.
मूठ सैल, नळी रुंद."

मग दूध बंद करू का?
"दुधाचा ह्यात काही संबंध नाही."

"ही साखरेची.
साखर काय फक्त तुमच्या ताटातनं येत नाही,
यकृताचं गोदाम रात्रीसुद्धा उघडं असतं.
ही गोदामवाल्याला म्हणते, जरा हात आखडून.
जेवणाबरोबर घ्या, नाहीतर पोट कुरकुरेल.

आणि ही पित्ताची, तुमच्याच खात्यातली.
पोटाच्या अस्तरात ॲसिडचे पंप असतात.
खरंच पंप, आमच्या पुस्तकात तेच नाव आहे.
जेवायला बसलं की ते सुरू होतात,
आणि चालू पंपालाच ही चिकटते.
म्हणून अर्धा तास आधी, उपाशीपोटी."

माझ्या पोटात पंपहाऊस!
आणि इतकी वर्षं तिथं बिनपगारी पाळी कुणी केली?

चौथी पट्टी सुमनची, थायरॉईडची.
"ही काही बंद करत नाही की उघडत नाही.
गळ्यातली विहीर आटलीय, तेवढं पाणी बाहेरनं देते."
म्हणजे टँकर.
"टँकर. पहाटे, चहाच्या बऱ्याच आधी.
चहानं त्याची वाट अडते."

मग मला एक साहेब आठवला.
तपासणीला आलेला, पांढरे बूट.
गेजवर टिचकी मारून म्हणाला,
"सुई तर कायम हिरव्यात असते.
मग तीन पाळ्यांना तीन माणसं कशाला?"
म्हटलं, साहेब, माणसं आहेत म्हणून सुई हिरव्यात आहे.
त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.
रात्रीची पाळी गेली.
तीन महिन्यांनी बेडगच्या अलीकडं पाइप फुटला,
माळावर पाण्याचा खांब उभा,
कुणाची तरी अख्खी मका आडवी.

मी हे आस्माला गोष्ट म्हणून सांगत होतो.
सांगता सांगता मधेच गप्प झालो.
तिनं काही म्हटलं नाही,
फक्त ती पांढरी पट्टी माझ्याकडं सरकवली.

जाताना म्हणाली,
"हिनं कधीकधी घोट्याला सूज येते.
आली तर डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील.
मनानं सोडू नका."
बेचाळीस रुपये झाले. सुट्टे होते.

रात्री ताट सारून गोळी तळहातावर घेतली.
एवढीशी. आवाज नाही, वास नाही,
हजेरीपटावर नाव नाही.
म्हटलं, आज पाळी तुझी काय?
सुमन आतनं म्हणाली, कुणाशी बोलताय?
म्हटलं, खात्यातलाच आहे एक.
आणि पाणी प्यालो.