काळी चार, आणि थोडी वर

मानवतला परीक्षेचं केंद्र म्हणजे
जिल्हा परिषदेच्या शाळेतली सातवी ब.
वर पत्रे, मागच्या भिंतीला खेटून जिनिंग,
फळ्यावर कालचाच लसावि, कुणी पुसला नव्हता.

मी तबल्याला. सकाळी नऊपासून
एकामागून एक पोरांना तोच तीनताल, तोच झपताल.
मानधन सहाशे, चहा वेगळा.
पेटीवाले जिंतूरहून यायचे होते, लग्नसराईत अडकले.
सुराला उरली ती वायरीवरची तंबोरापेटी,
बोर्डात पिन ढिली,
खाली दुमडून खोचलेला पोस्टकार्डाचा तुकडा.

परीक्षक नांदेडचे. डोक्यावर ओला पंचा.
पंखा लावला की तंबोरा नुसता दिसायचा.
पंखा बंद केला की जिनिंग,
सरकीपासून रुई ओढणारी ती एकसुरी घरघर,
आणि माझ्या कपाळावरचा घाम थेट शाईवर.
"पंखा की सूर?" सरांनी केंद्रप्रमुखांना विचारलं.
केंद्रप्रमुख म्हणाले, "सर, थंड पाणी मागवलंय."

दोन वाजता बावीस नंबर, आम्रपाली खिल्लारे.
वडील बाहेर लिंबाखाली, गाडीवरच बसलेले.
भर उन्हात तिच्या वाट्याला भूप.
तिनं सा लावला आणि लाईट गेली.

पंखा थांबला. तंबोरा थांबला.
भिंतीपलीकडचं जिनिंगही थांबलं.
सबंध दिवसात पहिल्यांदा
पत्र्यावर चिमणीचे पाय ऐकू आले.
सर ताठ बसले. "म्हण आता. आता कळेल."

ती गायला लागली.
आधार कशाचाच नव्हता, एक मी सोडून.
आणि त्या भट्टीत माझं चामडं
पापडासारखं ताणत चाललेलं.
बोटांना आधी कळतं.
काळी चार.
काळी चार, आणि थोडी वर.
मग अजून एक केस.
हातोडी मांडीशी होती, पण ठेका सोडून ठोकणार कधी?
पोर माझ्याकडे बघत गात होती.
दर समेला तिचा सा
इमानदारीनं माझ्यामागे येत होता,
वाट चुकलेल्या मास्तरामागंही
पोरं रांगेतच चालतात, तसा.

तिहाई. धा.
तेवढ्यात लाईट आली.
तंबोरा सोडला होता तिथूनच बोलला,
आणि तिचा सा त्याच्याशेजारी
न बसणाऱ्या दारासारखा तिरपा उभा राहिला.

"सूर चढतो तुझा, बेटा."
ती म्हणाली, "हो सर."
सरांनी सुरेलपणाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं.

मी बोलायला हवं होतं. एक आवर्तन गेलं.
सोळा मात्रा म्हणजे किती,
हे मला वीस वर्षांत त्या दिवशी कळलं.
दुसरं गेलं. दारातून "तेवीस नंबर" अशी हाक.
मग म्हणालो, "सर, तिचा नाही. माझा चढला."

सरांनी उठून चाटेवर टिचकी मारली.
तंबोऱ्याकडे कान दिला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"तेवीसला थांबवा. आधी तबला लावून घ्या."
आकडा खोडला, की नुसतं टोपण लावलं,
माझ्या बाजूनं दिसलं नाही.

सूर उतरवायला खालून वर ठोकावं लागतं.
मी ठोकत राहिलो. जिनिंग पुन्हा चालू झालेलं.
काही ऐकू येईना,
तेव्हा चामड्यालाच कान लावून बसलो.

पाच वाजता ती टाकीवर बाटली भरत होती.
म्हणाली, "सर, तुमचा तबला चढू लागला
ते मला कळू लागलं होतं."
मग आपल्या सुरावर का नाही थांबलीस?
बाटलीचं झाकण लावत म्हणाली,
"तुम्ही एकटेच राहिले असते ना तिकडं."

वडिलांनी किक मारली.
पहिल्या दोन वाया गेल्या.