शब्दमर्यादा

विषय तिबिलिसीहून आला : माझ्या गावाचा उद्याचा दिवस.
पाचशे शब्द. एकही जास्त नको.

नेस्तानने धूर निघणारी घरं मोजली. अकरा.
बर्फाने नेलेला पूल लिहिला,
शाळेच्या रिकाम्या वर्गात बांधलेली
बेसोकाकाची गाय लिहिली.
मग बोट ठेवून मोजलं : पाचशे तेवीस.

आधी बर्फाची विशेषणं गेली,
मग सगळे 'कदाचित'.
गायीचं नाव खोडताना जिवावर आलं.
तरी तीन उरलेच.

पहाटे दुधाची गाडी मेस्तियाला निघाली,
हॉर्न दोनदा वाजला.
तिने उभ्याउभ्याच शेवटचं वाक्य कापलं –
मी इथेच राहीन –
आणि पाकिटाला थुंकी लावली.

"झाला का पुरा?" आईने गोठ्यातून विचारलं.
"बरोब्बर बसला," ती म्हणाली,
आणि उतारावरून धावत सुटली.