कार्डाची पाठ

मला हवा होता फक्त डबा.
खिळे ठेवायला, पत्र्याचा, झाकण घट्ट बसेल असा.
बुधवारी जुन्या बाजारात
तांबोळीच्या गोणपाटावर
एक ग्रामोफोनचा कर्णा, तीन चंबू, आणि हा.
"आत परदेशी पत्ते आहेत," तो म्हणाला,
"लष्करातल्या बंगल्यातनं आलेत. बावन्न भरत नाहीत."
नव्वदला दिला.

घरी येऊन मोजले. एकेचाळीस.
पत्ते नव्हेत, माणसं.
टोपीवाली, गाल गुलाबी रंगवलेली,
एका हातात चामड्याचा फुगलेला पंजा
किंवा खांद्यावर दांडकं,
आणि चेहऱ्यावर फोटोवाल्याने "हं, आता" म्हटल्यानंतरचं हसू.
नाकाशी धरलं तर अजून बारीक गोड वास येतो,
च्युइंगमचा असावा.

बेसबॉल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.
पण मी तीस वर्षं खोखोची गुणपत्रकं लिहिली,
शिट्टी आणि घड्याळ यांच्या मधे बसून.
रकाने मला कळतात.

भाच्याने फोनवर एकेक नाव शोधलं.
"यातलं कुणीच कुणी नाही, मामा.
विकायला गेलात तर डब्याचेच पैसे येतील."

तेव्हापासून रोज चहाआधी एक काढतो
आणि उलटा करतो.

हर्मन डूली. डावखुरा. दोन मोसम. आवड: मासेमारी.
लॉइड हॅविच. उंची, वजन, गावाचं नाव,
पुढे लिहिण्यासारखं काही नाही,
तर उरलेल्या जागेत छापणाऱ्याने
टोपी घातलेलं बदक काढलंय.

आणि हा ओरिन टेस्मर.
एकोणीसशे छपन्न. सामने चार.
दांडकं घेऊन उभा राहिला: तीन वेळा.
फटके: शून्य.
खाली एकच ओळ,
हिवाळ्यात वडिलांच्या दुकानात खिळे विकतो.

माझे खिळे टेबलावर, वर्तमानपत्राच्या पुडीत.

तीन वेळा उभा राहिला, म्हणजे
तीन वेळा कुणीतरी त्याचं नाव पुकारलं असणार.
आणि कडेला बसलेल्या एका माणसाने
ते शून्य नीट गोल काढलं असणार.
मी काढायचो. शून्य घाईत लिहू नये,
त्याचं सहा होतं, मग तक्रारी येतात.

आतल्या खोलीत कुमुद गुडघ्याला तेल चोळत होती.

मी एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू कापली, बरोब्बर कार्डाएवढी.
फोटो नाही. संघाच्या फोटोत राखीव म्हणून
ती कडेला उभी होती,
आणि कडाच वाळवीने खाल्ली.
नुसती पाठ लिहिली:

कुमुद खळदकर. राखीव, बारावी.
एकोणीसशे बाहत्तर. सामने एक.
पळती: एक मिनिट चाळीस सेकंद.
गडी टिपले: शून्य.
हिवाळ्यात

इथे पेन अडलं.
हिवाळ्यात काय करायची ती?
पन्नास वर्षं एका ताटातलं जेवलो, हे विचारलं नव्हतं.

"अंडी पोचवायचे," ती आतून म्हणाली, "सायकलवर.
वानवडीला काकांची पोल्ट्री होती ना.
एकदा गोळीबार मैदानाच्या चढावर चार डझन फुटली.
पण हे आत्ता कशाला?"

बाहेर आली. चष्मा लावला.
वीजबिल वाचते तशी ओळीवर बोट ठेवून वाचलं.
अंड्यांपाशी काही म्हणाली नाही, शून्यापाशीही.

"चाळीस नाही. पंचेचाळीस."

मी म्हटलं, घड्याळ माझ्याकडे होतं.

"होतं ना. पण दाबलंत उशिरा.
मी खांबाला हात लावून पहिली हुल दिली
तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघतच नव्हता."

नियम असा की आकडा खोडला
तर शेजारी सही करावी लागते.
केली.

आता डब्यात बेचाळीस.
खिळ्यांना दुसरं काहीतरी बघायला हवं.