रसायनशास्त्र, दुसऱ्यांदा

गुणपत्रिकेवर तो एफ अजून आहे,
एकोणिसाव्या वर्षी मिळालेला.
शेजारी दोन डी, आणि एक डब्ल्यू,
म्हणजे सत्राच्या मधूनच उठून गेले.
कुठे गेले, ते कागद सांगत नाही.

बाबा त्या साली खाणीतून घरी आले, कायमचे,
छातीत कोळसा घेऊन.
हे मुलाखतीत काढायचं नाही,
असं गाडी लावतानाच ठरवलं होतं.
पूर्व केंटकीत दर दरीत अशी एक छाती असते.
तिच्यावर कुणी मार्क वाढवून मागत नाही.

या खेपेला बी.
ऑपल झोपल्यावर ओट्यापाशी उभ्यानं सोडवलेली
मोलची गणितं, सीरियलच्या रिकाम्या खोक्यांवर.
प्रयोगशाळेतली जोडीदार अठराची,
मला मॅम म्हणायची.
तिनंच शिकवलं, समीकरणाच्या दोन्ही बाजू
सारख्या असतात असं धरून चालत नाही,
त्या सारख्या कराव्या लागतात.

मिसेस आयसननी चष्मा नाकावर ओढला.
"सरासरी दोन पॉइंट चार. आमची अट अडीच."
माहीत आहे, मी म्हटलं.
मग बराच वेळ फक्त रेडिएटर बोलत होता.

"वृद्धाश्रमात काय करता, ट्विला?"
रात्रपाळी. नऊ वर्षं.
दर दोन तासांनी कूस बदलते.
टाचा उशीवर नाही ठेवायच्या,
उशी पोटरीखाली, टाच अधांतरी.
मिस्टर स्टंबोंची टाच लाल झालेली
पहिल्यांदा मी पाहिली,
चार्टच्या आधी, नर्सच्याही आधी.
सांगता सांगता माझे हात
त्यांच्या टेबलावर एक नसलेला पाय उचलत होते.
लक्षात आलं तेव्हा मांडीवर घेतले.
त्यांनी काहीतरी लिहिलं.
उलटं वाचता आलं नाही.

एप्रिलमध्ये पत्र आलं. प्रतीक्षा यादी, क्रमांक सहा.
फ्रिजवर लावलंय, ऑक्सिजनवाल्याच्या नंबराखाली.
वरच्या पाचांचं वाईट व्हावं असं नाही,
पण एखाद्याला लेक्सिंग्टनला घ्यावं की,
एखादीनं ओहायोतला मुलगा करावा.

अकराला पाळी. निघण्याआधी
बाबांचा मोजा काढून टाच दाबली.
पांढरी झाली. सोडल्यावर गुलाबी,
जरा उशिरानं.
नळीमागून ते हसले,
"पास?"

काठावर, म्हटलं,
आणि उशी पोटरीखाली सरकवली.