कापसाच्या खोलीतून

आमचा स्टुडिओ म्हणजे मधली खोली.
दिवाळीपासून तिच्यात कापूस आहे,
पत्र्याच्या हातभर खाली, भाव येईल म्हणून थांबलेला.
त्यात मी दोन माणसं मावतील एवढी खोबण केली,
पाट ठेवला, पाटावर तांदळाचा डबा, डब्यावर मोबाइल,
मोबाइलवर माझा जुना पायमोजा.
सुखदेव म्हणाला, "आयक, आवाज कसा मऊ येते."
खरंच. गादीत तोंड खुपसून बोलावं तसा,
तरी शब्द न् शब्द सुटा.
अंगाला खाज सुटते, ते तुम्हाला ऐकू येत नाही.

रेकॉर्डिंग रात्री साडेदहानंतर.
तो लाइनमन. फीडर कधी जाणार त्याला ठाऊक,
आणि गेला की फोनही त्यालाच.
सत्तावीस भागांत नऊ वेळा तुम्ही ऐकलं असेल,
"थांबा मंडळी, डीपीवर जाऊन येतो."
मग मी एकटीच बोलते, पुस्तकांवर.
दारव्ह्याच्या वाचनालयातून दर बुधवारी दोन आणते,
शेवटचं पान आहे का, ते आधी बघून.

सिनेमे त्याच्याकडे.
पण त्याला एकाही सिनेमाचा शेवट माहीत नाही.
लहानपणी जत्रेच्या तंबूत
नेमकं दार उघडायच्या वेळी जनरेटरचं डिझेल सरायचं,
आणि आता दिवाणावर पाऊण तासात घोरतो.
म्हणून शेवट तो स्वतः करतो.
त्याच्या शेवटात कुणी मरत नाही.
खुनी तलाठ्यासमोर बसून सगळं लिहून देतो,
नायिका एसटीतून उतरते
आणि तिच्या हातातली पिशवी कुणीतरी धरतं.
"असं नाही जी त्यात!" मी चिडते.
"त्याईनं चुकवला. म्या दुरुस्त केला."
रात्रपाळीची एक नर्सबाई निरोप धाडते,
शेवट सुखदेवभाऊंचाच ठेवा, खरे इथे पुष्कळ असतात.

सुरुवातीला आम्ही शुद्ध बोलायचो, बातम्या दिल्यासारखं.
सहाव्या भागात मालिकेतल्या सुनेवरून पेटलं.
"काहून सोसते थे? जीभ नाही का तिले?"
हे मीच बोलले, आणि कापायचं राहून गेलं.
तिथून बेचाळीस ऐकणाऱ्यांचे दोनशे दहा झाले.

एक सांगायचं राहिलं.
घरात तो मला "अवं" म्हणतो. "आयकलं का" म्हणतो.
अठरा वर्षं.
मीही "आवो". नाव घेतलं ते उखाण्यात, तेवढंच.
पण कार्यक्रमात अवं कसं चालणार?
पहिल्या रात्री तीनदा खाकरला,
मग म्हणाला, "माझ्यासोबत आहे तिलोत्तमा."
नाटकवेड्या बापानं ठेवलेली चार अक्षरं,
रेशन कार्डावर चुकलेली, गावात तिलू झालेली.
कापसानं ती लगेच गिळली.
भिंतीपलीकडे सासूबाईंपर्यंत गेलीच नाहीत.

परवा गाडी आली. कापूस गेला.
भावाचं विचारू नका, हा तो कार्यक्रम नाही.
खोली झाडली तेव्हा मूठभर सरकी निघाली,
उंदराचं घर निघालं,
आणि दुसरा पायमोजा.
रात्री रिकाम्या फरशीवर समोरासमोर बसलो.
गोधड्या टांगू, मी म्हटलं.
"आधी पाहू तं."
या वेळी खाकरला नाही.

"माझ्यासोबत आहे तिलोत्तमा."

भिंतींनी ते उचललं, पत्र्यापर्यंत नेलं,
परत आणून दिलं, त्तमा,
मग नुसतं मा.
पलीकडे बाज करकरली.
आम्ही दोघं गप्प. अकरा सेकंद, नंतर मोजले मी.
मग भिंतीआडून सासूबाई,
"मंग? सांग ना, सिनेमा कोनता व्हय?"

भाग अठ्ठावीस. आवाज घुमतो, सांभाळून घ्या.
मी काहीच कापलेलं नाही.