सावलीचा रकाना

नमुना सात-ब. एकूण गुण शंभर:
उतार पंधरा, उपकेंद्राचं अंतर पंचवीस,
पोचरस्ता दहा, मालकी वीस,
उरलेले तीस सूर्याचे,
त्यातून पावसाळ्याचे चार महिने वजा.

धामणखोलच्या सड्यावर मी उभी,
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब,
कातळ असा तापलाय
की बुटाचा तळ पाऊल सोडायला बघतोय.
खाली दूर खाडी चकाकते.
तिला नमुन्यात रकाना नाही.

मी या कामाच्या विरोधात नाही, आधीच सांगते.
मी राखेच्या गावची.
औष्णिक केंद्राच्या चिमणीखाली
आईच्या कुरडया करड्या व्हायच्या,
आणि भारनियमन तरीही आमच्याच वाट्याला.
उन्हाची वीज म्हटलं की मला
दोरीवर पांढरीच राहिलेली चादर दिसते.

सातबारा उघडला: त्रेसष्ट नावं, सामाईक,
पोटखराबा.
भिकाजी मयत, वारस सात,
एक कुर्ल्यात, एक शारजात,
एकाचा ठावठिकाणा नाही.
मालकीचे वीसपैकी तीन.

साहेबांचा फोन: "जमीन एकसंध दाखव,
निविदा सोमवारी उघडतेय.
युनिटला जो सगळ्यात कमी बोलेल, सडा त्याचा."
बंदरात सुरमईची बोली चढत जाते.
उन्हाची उतरत.

धाकू झोरे पुढे चालतोय, अनवाणी,
सतरा शेळ्या आणि एक काठी.
"सध्याचा वापर?" मी वाचते.
पर्याय तीनच: शेती, वन, पडीक.
"पडीक म्हंजे?"
"जिचं कोणी काही करत नाही, ती."
तो शेळ्यांकडे बघतो, मग माझ्याकडे.
"मंग मला बी पडीकच लिवा."

एका जागी तो वळसा घालतो
उघड्या, रिकाम्या कातळाला.
"इथून का नाही?"
"मासा हाय."

वाकले तेव्हा दिसली
बोटभर खोल कोरलेली रेघ:
पाठ, कल्ला, शेपूट,
दोन माणसं आडवी मावतील एवढा मासा.
कोणी कोरला, कधी?
"आमी येन्याच्या आधी.
अंगावर पाय देत न्हाई त्याच्या."
पलीकडे एक उथळ खळगा,
तळाशी पापडासारखी सुटलेली काळी माती.
"श्रावनात हितं तळं. म्हशी बसत्यात.
कडंला निळी फुलं, मोजाय जाऊ नका."

टॅबवर हद्दीची रेघ ओढली.
मासा आत घेतला. बाहेर काढला.
पुन्हा आत. पाणी प्यायले.
पुन्हा बाहेर.
अकरा एकर वगळताना यंत्र विचारतं: कारण?
यादीतून निवडा.
वनजमीन. न्यायप्रविष्ट. सावली.
मासा नाही यादीत. तळं नाही. झोरे नाही.
मी चहूकडे बघितलं.
नजर पोचेल तिथवर झाड नाही,
खांब नाही, ढगाचा तुकडासुद्धा नाही.
मी निवडलं: सावली.

गुण सहासष्ट. पात्रता पासष्टला.
म्हणजे उरलेला सडा जाईल,
तारेचं कुंपण पडेल,
शेळ्यांना टेकाडामागून लांबचा फेरा,
आणि कुठल्या तरी राखेच्या गावात
कुरडया थोड्या पांढऱ्या वाळतील.
दोन्ही खरं आहे. बेरीज मला येत नाही.
मी काही वाचवलं असं म्हणत नाही.
फक्त खोटं बोलले, अकरा एकर.

मार्चअखेरीस धाकूचा फोन आला.
"मॅडम, दोन मानसं आल्ती, मशीन घिऊन.
सावलीचं झाड कुठं हाय, इचारत व्हती."
माझ्या घशाला कोरड.
"मग? काय सांगितलंत?"

"म्हनलं, चराया गेलंय.
तिनसांजंला येईल."